सप्रेम भेट दिलेले आबा

आधार पाटलांचं तेरावं झालं आणि त्याच दिवशी चारच्या चहाला त्यांच्या विहिरीच्या काठावर नाग निघाला. गावाला एवढं पुरेसं होतं. आबांचा जीव त्या वावरात अडकलेला होता हे कुणाला नव्यानं सांगायला नको होतं. जितेपणी त्यांनी बांधावरची वाळकी काटकी कुणाला उचलू दिली नाही, ते मेल्यावर वावर सोडून जातील कशाला? नागही तसाच निघाला. शेजाऱ्याची म्हैस बांधाकडं वळली की फणा काढायचा, चारच्या सुमारास हटकून बाहेर यायचा, आणि स्वतःचा बांध ओलांडून दुसऱ्याच्या वावरात कधी जायचा नाही. पारोळ्याच्या बाजारात लोक म्हणायला लागले, आधार पाटील वारले खरे, पण त्यांच्यात फरक काही पडला नाही.

फरक पडला होता. तो फक्त त्यांच्या बायकोला, द्रौपदाबाईला माहीत होता.

द्रौपदाबाई त्या वावरातच, विहिरीशेजारच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. गावात थोरल्या मुलाचं स्लॅबचं घर होतं, पण तिथं टीव्हीसमोर बसून सुनेचं तोंड बघण्यापेक्षा तिला विहीर बरी वाटायची. नाग पहिल्यांदा निघाला तेव्हा तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं. चाळीस वर्षांचं साचलेलं होतं. आबा जिवंत असताना तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत उठून बैलांकडं निघून जायचे, आणि बैलांना काही अडचण नसली तर अडचण शोधून काढायचे. नाग मात्र उठून गेला नाही. फणा उभारून, तिच्याकडं तोंड करून, ती दमून गप्प होईपर्यंत बसून राहिला.

मग ते रोजचंच झालं. तिनं त्याला सगळं सांगितलं. आई वारल्याचा निरोप आला तेव्हा कापूस वेचणीला आला होता, म्हणून आबांनी तिला चार दिवस जाऊ दिलं नव्हतं, आणि ती माहेरी पोचली तेव्हा राखसुद्धा सावडून झाली होती. हे तिनं उभ्या जन्मात कुणाजवळ काढलं नव्हतं, ते नागाजवळ काढलं. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. खोलीत येऊन ती रडली, आणि रडून झाल्यावर तिनं नवऱ्याला माफ करून टाकलं. मेल्यावर का होईना, माणूस ऐकायला शिकला म्हणायचा.

अशी दोन वर्षं बरी गेली, आणि मग मुलांना वावराची आठवण झाली.

थोरला देवचंद सोसायटीचा चेअरमन. गावात कुणी शिंकलं तरी आभारप्रदर्शन तोच करायचा. धाकटा हिलाल जामनेरला शाळेत मास्तर. साप दूध पीत नाही हे तो मुलांना फळ्यावर लिहून द्यायचा, आणि सुट्टीत गावी आला की आबांसाठी वाटीभर दूध विहिरीवर घेऊन जायचा. या दोन गोष्टींची त्याच्या डोक्यात कधी गाठ पडली नाही, कारण एक जामनेरला राहायची आणि दुसरी पारोळ्याला.

वावर हायवेला लागून होतं, आणि शहरातल्या एका सेठला तिथं पेट्रोल पंप टाकायचा होता. सातबाऱ्यावर तीन नावं होती, दोन भावांची आणि मायची. भावांच्या सह्या झाल्यात जमा होत्या. अडलं होतं ते मायच्या अंगठ्यावाचून. वावर गेलं म्हणजे तिच्या दोन खोल्या गेल्या, विहीर गेली, आणि उरलं आयुष्य सुनेच्या टीव्हीसमोर. तिला ते नको होतं. पण नको एवढंच म्हणून चेअरमन थांबत नसतात, म्हणून एकदा तिनं आपली ब्याद टाळायला सांगितलं, "तुमना बापले इचारा. त्या हा म्हनतीन तं मी अंगठा देसू."

तिला वाटलं, आता हे कुठं जातायत विचारायला?

सेठची तिकडं आणखी एक अडचण होती. पंपाच्या टाक्यांसाठी खड्डा खणायचा, आणि नाग बसतो त्या जागी कुदळ मारायला एकही मजूर तयार नव्हता. नागाला मारावं तर पितृहत्या. देवचंदनं यावर तोडगा काढला. शहरात नगरपालिकेच्या बागेत नवं सर्पालय उघडलं होतं. होळीला माय गावातल्या घरी आलेली बघून त्यानं साप पकडणारा बोलावला, आबांच्या लांबूनच पाया पडला, आणि आबांना पोत्यात घालून शहराला रवाना केलं.

"सोय करी मी त्यासनी," त्यानं मायला सांगितलं. "तठे पंखा शे, डॉक्टर शे, टायमावर उंदीर शे. आठे उनमा काय व्हतं त्यास्ले?"

"मग मालेबी धाडी दे तठे," द्रौपदाबाई म्हणाली.

दोन दिवस ती जेवली नाही. चार वाजले की सवयीनं विहिरीवर जाऊन बसायची आणि परत यायची. ते बघून गावातली म्हातारी माणसं देवचंदला बोल लावू लागली. तेव्हा त्यानं भर चावडीत जाहीर केलं, की येत्या आखाजीला आपण सगळे सर्पालयात जाऊ, आबांची घागर तिथंच भरू आणि आबांना तिथंच कौल लावू. आबा हो म्हणाले तर मायनं अंगठा द्यायचा, नाही म्हणाले तर पंपाचं नाव काढायचं नाही. शब्द द्रौपदाबाईचाच होता, तो फिरून तिच्याच गळ्यात आला. चार माणसांसमोर तिला मान हलवावी लागली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघर मेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, वर आंबा, डांगर, सांजोऱ्या. एरवी ती घरातच भरायची, पण ती, मेल्यावर कुठं गेला याचा पत्ता नसलेल्या माणसासाठी. आबांचा तर पत्ता माहीत होता. पत्ता माहीत असताना घरी घागर भरणं शास्त्राला धरून नाही, असं हिलाल मास्तरांनी गावाला समजावून सांगितलं. कोणतं शास्त्र, ते कुणी विचारलं नाही.

ते साल ब्याण्णव. सकाळी अकराला देवचंदची जीप बागेच्या फाटकाशी थांबली. द्रौपदाबाईच्या मांडीवर घागर होती, हिलालच्या मांडीवर सांजोऱ्यांचा डबा, आणि देवचंदच्या काखेत एक लांब पाकीट. पाकिटात इसारपावती होती. सेठ चार वाजता मळ्यावर येणार होता. आखाजीचा मुहूर्त त्याला हुकवायचा नव्हता.

बागेत एक हरीण होतं, पिसं झडलेला एक मोर होता, आणि बिबट्याच्या पिंजऱ्यात माळ्यांच्या सायकली होत्या. सर्पालय मात्र नवंकोरं. दारावर मोठी फळी लावलेली: 'काचेवर हळदकुंकू वाहू नये. नारळ फोडू नये. नवस बोलू नये. सापांस दूध पाजू नये. हुकमावरून.' फळीच्या बरोबर खाली स्टुलावर सर्पालयाचा शिपाई चिंधा बसला होता, आणि त्याच्या पायाशी दुधाच्या वाट्या ओळीनं मांडल्या होत्या, रुपयाला एक. साप दूध पीत नाहीत हे चिंधाला हिलाल मास्तरांइतकंच पक्कं माहीत होतं. संध्याकाळी त्याच्या घरी खीर व्हायची.

"कोणाकडे आले?" त्यानं दवाखान्यात विचारतात तसं विचारलं. दोन दिवस वरणगावला भाच्याच्या लग्नात नाचून तो आत्ताच कामावर हजर झाला होता, आणि त्याचे डोळे अजून लग्नातच होते.

"नाग. आबा आमना," देवचंद म्हणाला आणि त्यानं भुवई उडवली. चिंधा ताडकन उठला. त्यावरून द्रौपदाबाईनं ओळखलं, की या दोघांची आजची पहिली भेट नव्हे.

आत दोन्ही बाजूंना काचेच्या पेट्या होत्या. एकही साप एकटा नव्हता, प्रत्येकाच्या डोक्यावर एक देणगीदार बसलेला होता. घोणसीवर किराणा मालाचे व्यापारी, धामणीवर मित्रमंडळ, अजगरावर कुणी माजी नगरसेवक सहपरिवार. अक्षरं अशी ठसठशीत, की आतला साप कोणता आणि वरचा कोणता, हे नवख्या माणसाला जरा वेळानं कळायचं. तीन नंबरच्या पेटीशी चिंधा थांबला.

"काय लिखेल शे रे वर?" द्रौपदाबाईनं हिलालला विचारलं.

हिलालनं घसा साफ केला. "नाग. विषारी. श्री. देवचंद आधार पाटील, चेअरमन, यांजकडून सप्रेम भेट."

"बापले भेट दिधा?" द्रौपदाबाई देवचंदकडं वळली. "आनि वर सप्रेम?"

"माय, तशी पद्धत ऱ्हास लिखानी," देवचंद पुटपुटला.

"या नागाकडे गर्दी फार," विषय बदलायला चिंधा म्हणाला. "स्वभाव शांत ना. जामनेरचं एक घर येतं दर अमावास्येला. त्यांचा काका आहे हा."

देवचंद भडकला. "आमना आबा जामनेरवालासना काका कसा व्हई?"

"ते तुम्ही आपसात बघा, भाऊ. नगरपालिका त्यात पडत नाही."

आबा जिवंत असताना दर आठवड्याला जामनेरच्या बाजाराला जायचे, आणि बाजार एका दिवसाचा असून दोन दिवसांनी परतायचे. त्यामुळं द्रौपदाबाईला या बातमीचं मुलांइतकं आश्चर्य वाटलं नाही. तिचं लक्षही नव्हतं. ती काचेला नाक लावून आत बघत होती.

डाव्या कोपऱ्यात गवताच्या ढिगावर तो वेटोळं घालून बसला होता. अंगानं पार उतरला होता. कातडीची चमक गेली होती. पण तिची सावली काचेवर पडली तसं त्यानं डोकं उचललं, आणि द्रौपदाबाईला भडभडून आलं. तिला कितीतरी सांगायचं होतं. होळीपासूनचं सगळं राहिलं होतं. पण भोवती माणसं जमायला लागली होती. कौल लागणार ही बातमी हरणापर्यंत पोचली होती, आणि लोक अजगराला सोडून इकडं येत होते. एवढ्या लोकांसमोर नवऱ्याशी ती कधीच बोलली नव्हती, ती आता काय बोलणार?

हिलालनं पेटीसमोर घागर मांडली, वर आंबा ठेवला. फळीवर घागरीचं नाव नसल्यामुळं चिंधानं हरकत घेतली नाही. मग देवचंदनं सभेत बोलतो तसा आवाज लावला. "आबा! हायवेनं वावर पंपले देवानं शे. तुमनी मरजी व्हई तं उजवीकडे या. नसनी तं डावीकडेच ऱ्हावा. बारा वाजापोत आम्ही वाट दखतस."

द्रौपदाबाईनं उजवीकडं बघितलं. उजवीकडं पाण्याचं भांडं होतं. डावीकडं काहीच नव्हतं. वैशाखातल्या बारा वाजता पत्र्याखाली कोंडलेला जीव पाण्याकडं सरकणार नाही तर कुठं जाईल? पोरानं मेलेल्या बापालासुद्धा फितवलं होतं. ओरडून सांगावं असं तिला वाटलं, पण कौल तिनंच कबूल केला होता, आणि चावडीतली ती चारही माणसं मजा बघायला मागच्या जीपनं आली होती. तिनं पदराचं टोक मुठीत आवळलं आणि मनातल्या मनात म्हणाली, आज एवढं एकदा ऐका माझं. हलू नका.

बारा वाजले. नाग हलला नाही.

सव्वाबारा झाले. देवचंद घड्याळाकडं, मग चिंधाकडं बघू लागला. "तू तं बोलना व्हता बाराले फिक्स," तो दातओठ खात कुजबुजला. त्याचं कुजबुजणं तिसऱ्या रांगेपर्यंत गेलं.

"रोज जातो हो! घड्याळ लावून घ्या असा जातो," चिंधा म्हणाला. त्याची अब्रू पणाला लागली होती. तो मागच्या बाजूनं गेला, पेटीचं झाकण उघडलं आणि लोखंडी आकडीनं नागाला हळूच उजवीकडं रेटायला लागला. नाग ताड्दिशी उभा राहिला. फणा फुलवून असा फुत्कारला, की पुढची रांग मागच्या रांगेच्या पायावर आली. पण जागा त्यानं सोडली नाही.

"आबा संतापले," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "पंप मंजूर नाही."

"नको डिवचू त्यास्ले!" द्रौपदाबाई ओरडली आणि तिनं काचेवर हात मारला.

"चिंधा! आकडी बाहेर काढ आधी!" दारातून दुसरा आवाज आला. गर्दीतून वाट काढत डॉक्टरबाई आल्या. गुरांच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर. नगरपालिकेनं त्यांना सकाळी गुरं आणि दुपारी साप दिले होते. "दोन दिवस तू गायब, आल्या आल्या हे उद्योग? दिसत नाही तुला, अंडी आहेत खाली."

"अंडी?" चिंधाचे डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडले. "कोणाची?"

"तिचीच. परवा घातली. बावीस आहेत. त्यावरून हलायची नाही ती आता, पाण्यालासुद्धा."

देवचंदनं नम्रपणे हात जोडले. "डॉक्टरबाई, तुमची काहीतरी गडबड होतेय. हे आमचे वडील आहेत."

"असतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या आठवड्यातून पाच वडील बघत असाव्यात. "पण मादी आहे."

लोकांना हसावं की हात जोडावे कळेना. हिलालनं बाजू सावरायचा प्रयत्न केला, की आत्म्याला स्त्री-पुरुष असा भेद नसतो. पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही. आधार पाटलांनी जन्मभर स्वतःचं ताट उचललं नव्हतं, रडणारं पोर कडेवर घेतलं नव्हतं. तो माणूस तहानेनं व्याकूळ होऊन बावीस अंडी उबवत बसेल यावर विश्वास ठेवायचा, तर श्रद्धेलाही काही मर्यादा असते. चावडीतल्या चारांपैकी एका म्हाताऱ्याला वेगळीच काळजी लागली. "म्हनजे आते सातबारावर बावीस वारस चढतीन का?" त्यानं विचारलं. तो गमतीनं विचारत नव्हता.

देवचंद मात्र चेअरमन होता. त्यानं क्षणात ठराव फिरवला. "चला, बरं झालं. साप तो साप. हे आबा नाहीतच, कधी नव्हतेच. खेड्यातली अडाणी समजूत." तो मायकडं वळला आणि पाकीट उघडू लागला. "माय, आते इचारानी गरजच नही. कौल रद्द. चार वाजता सेठ ई राह्यना. आठेच अंगठा दे, म्हनजे झामेला नको."

"साप दूधसुद्धा पीत नाही, माय," हिलालही म्हणाला. जामनेरहून शास्त्र एकदाचं येऊन पोचलं होतं.

द्रौपदाबाईनं दोघांकडंही बघितलं नाही. ती पेटीसमोर खाली बसली. पहिल्यांदा तिला लाज वाटली, आपण दोन वर्षं कुणाशी बोललो या विचारानं कान तापले. मग राग आला, आणि तो जुना, ओळखीचा राग होता. म्हणजे त्या माणसानं ऐकलंच नव्हतं. आईची गोष्टसुद्धा ऐकली नव्हती. तो गेला तो गेलाच, उठून बैलांकडं जायचा तसा. आणि तिनं त्याला फुकट माफ करून टाकलं होतं. ती माफी त्याच्या हातून हिसकावून परत घ्यावी असं तिला वाटलं.

पण समोर काचेपलीकडं ती बसली होती. उपाशी, तहानलेली, आकडीचे टोचे खाऊन पुन्हा अंड्यांवर वेटोळं घातलेली. पाणी हातभर अंतरावर होतं. द्रौपदाबाई तिच्याकडं बघत राहिली, आणि बघता बघता तिचा राग कुठल्या कुठं गेला. विहिरीवर चार वाजता येऊन जी ऐकत बसायची, ती बाई होती. उगीच नाही आईची गोष्ट निघाली तेव्हा ती थांबून राहिली. द्रौपदाबाईला हसू फुटलं. एवढं साधं आपल्या लक्षात कसं आलं नाही? आधार पाटील मेल्यावर तरी एवढे शहाणे कुठून होणार होते!

"बाई," ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "आते हिनं काय करशात?"

"पिल्लं निघाली की सगळ्यांना रानात सोडायचं, आजी. नियम आहे. पण सोडू कुठं?" डॉक्टरबाईंनी टेबलाच्या खणातून छापील कागदांचा गठ्ठा काढून दाखवला. त्यावर धूळ बसली होती. "जागेच्या मालकाचं संमतीपत्र लागतं. सर्पालय उघडल्यापासून एकानंही दिलं नाही. पेटीतल्या नागाला लोक घागर घेऊन येतात, स्वतःच्या वावरात नको म्हणतात."

"मन्हा वावरमा सोडा. तठलीच शे ती."

"माय!" देवचंदच्या हातातून पाकीट पडता पडता राहिलं. "वावर तिन्हीसना नाववर शे! आमना दोन्हीसन्या सह्या लागतीन!"

"एकाची पुरते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सहहिस्सेदार चालतो. मागच्या पानावर छापलंय."

वावर विकायला तिघं लागतात आणि साप सोडायला एकटी पुरते. आयुष्यात पहिल्यांदाच द्रौपदाबाईला सरकारच्या कायद्यात काही अर्थ दिसला. डॉक्टरबाईंनी शाईचं पॅड पुढं केलं. तिनं अंगठा टेकवला, चांगला दाबून टेकवला, आणि ठसा नीट उठला की नाही हे वाकून बघितलं.

"बावीस नाग, माय!" देवचंद रडकुंडीला आला होता. "कोन पंप टाकी तठे? सेठ जीपमाईन खाले तरी उतरी का?"

"सगळी जगत नाहीत," डॉक्टरबाई त्याची समजूत घालत म्हणाल्या. "चार-पाच जगली तरी खूप."

"तेवढ्या पुरतीन," द्रौपदाबाई म्हणाली.

मग ती उठली. तिनं पदर सारखा केला. चावडीतली चार माणसं उभी होती, तीसेक अनोळखी माणसं उभी होती, आणि एवढ्या लोकांसमोर ती आजवर कधीच बोलली नव्हती. देवचंदनं मध्ये काही म्हणायला तोंड उघडलं, तशी तिनं शाईचा अंगठा त्याच्यासमोर धरला.

"चाळीस वरीस तुमना बापनी मनं एक बी आयकं नही," ती म्हणाली. "माले वाटनं, मरीसन तरी आयकाले लागनात. तठे बी हाई बाई निंघनी. तुम्हीन दोन्ही त्यासनाच पोरे शेतस, मी वळखस. पन तुम्हीन मराले थांबू नका. जितेपनीच आयका. वावर इकानं नही."

दोघा मुलांनी ते पूर्ण ऐकलं.